निळ्या कडेचा लायनर

ज्या माणसाने माझ्या मोटारीचा हातब्रेक दुरुस्त केला, त्याला मी भर स्टँडवर चोर म्हटलं. तो चोर नव्हता. चूक माझी होती, आणि ती कळल्यावरही मी बराच काळ गप्प बसलो. पहिली गोष्ट रागाच्या भरात झाली असं मी स्वतःला सांगू शकतो. दुसरीला तसं काही सांगता येत नाही. आज पन्नाशी उलटताना हे लिहायला बसलो आहे ते त्या दुसऱ्या गोष्टीपायी.

लढाईचे दिवस होते. मी नगर ते नेवासा अशी सर्व्हिस मोटार चालवत होतो. मूळची ती लॉरी. वर लाकडी टप चढवून आणि आत बाकं ठोकून तिची मोटार केलेली. पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा मालकाने मागे कोळशाची उभी भट्टी बसवून घेतली आणि गाडी गॅसवर चालू लागली. सपाटीवर ती बरी पळे, चढाला तिचा दम संपे. जेऊरच्या पुढे इमामपूरचा घाट आहे. नेवाशाहून परत येताना त्या चढावर आमची गाडी थांबायचीच. मग क्लीनरने मागे जाऊन भट्टी ढोसायची, कोळसा फुलू द्यायचा. इंजिन बंद पडलं असलं तर पुढे हँडल मारायला मलाच खाली उतरावं लागे. तेवढा वेळ माणसांनी आणि पोत्यांनी भरलेली ती गाडी उतारावर एकटा हातब्रेक धरून ठेवी.

त्या गाडीचा हातब्रेक चाकांवर नव्हता. ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळ्या उचलल्या की गिअरबॉक्सच्या मागे एक लोखंडी ड्रम दिसे आणि त्याभोवती कमरेच्या पट्ट्यासारखा एक पोलादी पट्टा. दांडा ओढला की पट्टा ड्रमला आवळून धरी. पट्ट्याला आतून जाड विणलेला लायनर तांब्याच्या रिबिटांनी ठोकलेला असे. खरं काम तो लायनर करी. आमच्या गाडीचा लायनर झिजून रिबिटं उघडी पडली होती. ब्रेक ओढला की लोखंडावर लोखंड किंचाळे आणि गाडी हळूहळू सरके.

बाजारात नवा लायनर नव्हता. मालकाने कुठून तरी एक तुकडा पैदा केला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"हा मिळवताना काय करावं लागलं ते माझं मला ठाऊक," ते म्हणाले. "मिस्त्रीच्या समोरून हलू नकोस. माल बदलतात हे लोक."

'हे लोक' म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही.

मिस्त्री ख्रिस्ती होता. मिशनच्या शाळेत लोहारकाम शिकलेला. भिंगारच्या वाटेवर त्याचं घर आणि अंगणात पत्र्याची छपरी. रोज तो लष्कराला गाड्या पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे कामाला जाई. सुट्टी असली की आमच्यासारख्यांच्या गाड्या बघे. माणूस काही गरीब गाय नव्हता. बडबड्या होता, फुशारक्या मारी, दुसऱ्या मिस्त्रींना नावं ठेवी आणि बोलता बोलता सारखी तपकीर ओढी. काम मात्र चोख करी, असं सगळे म्हणत. माझ्या कानात मालकाचे शब्द होते. त्यामुळे ती फुशारकीही मला काहीतरी झाकण्यासाठी केल्यासारखी वाटली.

गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "डायवर, ही मोटार न्हाई, म्हातारी हाय. हिला ब्रेक कशाला, काठी द्या हातात."

मी वर्तमानपत्र उलगडलं. तीन बोटं रुंद, तांब्याच्या बारीक तारा घालून विणलेला पट्टा होता तो, आणि एका कडेला निळा दोरा विणलेला. तो निळा दोरा मी मुद्दाम लक्षात ठेवला.

मिस्त्रीने तुकडा हातात घेऊन वाकवून पाहिला. "वा! असला माल लई दिसांनी बगितला. कुनाच्या पोटावर पाय देऊन आनला मालकानं?"

मला त्यात हाव ऐकू आली.

त्याने फळ्या उचलल्या, पट्टा सोडवून काढला, छिन्नीने जुनी रिबिटं तोडली. पट्टा घासलेटने धुतला, पेटवून त्यावरचं तेल जाळलं, पुन्हा घासला. मी एका पालथ्या खोक्यावर बसून त्याच्या हातांकडे बघत होतो. त्याच्याही ते लक्षात आलं होतं.

"मुलगी बगायला आल्यावानी काय बगताय?" तो म्हणाला. "पसंत असंल तर सांगून टाका, न्हाईतर पोह्ये खाऊन जावा."

मी हसलो नाही. मग त्याने लायनर पट्ट्यात बसवून पाहिला. तो ताठ होता, वळणावर नीट बसेना.

"जरा शेकून आनतो," तो म्हणाला. "असाच वाकवला तर तडकंल." आणि लायनर घेऊन तो घरात गेला.

त्याची बायको दारात आली. "भाऊ, उनात काय बसलाय? आत या की. च्या टाकलाय."

"नको. आज उपास आहे."

"उपासाला च्या चालतो की."

"मला चालत नाही," मी म्हणालो.

उपास वगैरे काही नव्हता. त्या घरचा चहा मला प्यायचा नव्हता. त्यांच्या आजोबांनी धर्म बदलला त्याआधी ते कोण होते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असे आणि कुणी बोलून दाखवत नसे. मी उंबऱ्याबाहेर राहिलो. ती माझ्याकडे बघून आत गेली. मी आत गेलो असतो तर तिच्या चुलीवर धरलेला लायनर मला दिसला असता आणि पुढचं काहीच घडलं नसतं. पण मालकाने नजर हलवू नकोस म्हटलेलं असताना मी स्वतःच माझ्या नजरेपुढे एक भिंत उभी करून घेतली होती.

मिस्त्री बाहेर आला तेव्हा फडक्यात धरलेला लायनर नरम झाला होता आणि धुराने काळवंडला होता. निळी कड मला दिसली नाही. काजळी बसली असेल, पलीकडच्या बाजूला गेली असेल. किंवा तुकडाच दुसरा असेल. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने कड पुसून दाखवली असती आणि माझा संशय मेला असता. आता वाटतं, मला तो मरायला नकोच होता.

त्याने भोकं पाडली, रिबिटाचं डोकं आत बुडेल एवढी खाच केली आणि मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे ठोकत गेला. "टोकाकडनं सुरू केलं की मदी पोट येतं," तो मला सांगत होता. मी ऐकत होतो आणि त्याचवेळी, हा इतकं का बोलतोय, असं मनात म्हणत होतो.

त्यानंतर घाटात पहिल्यांदा ब्रेक ओढला तेव्हा गाडी खिळा मारल्यासारखी उभी राहिली. क्लीनर, जो माझ्याहून वयाने मोठा होता आणि भट्टीच्या धुराने कायम खोकत असे, चाकाखाली लावायचा दगड हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"आता ह्या दगडाला पेन्शन द्या," तो म्हणाला.

मी म्हणालो, "किती दिवस टिकतंय बघू."

आता तेलाचं सांगतो. शनिवारी आमची गाडी घोडेगावला दुपारभर थांबे, कारण शिंगणापूरला शनीच्या दर्शनाला जाणारी माणसं तिथे उतरत आणि बैलगाड्यांनी पुढे जात. त्या वर्षी आईने मला साडेसाती लागल्याचं विचारून आणलं होतं. तिने एक शिशी दिली, तिळाच्या तेलाची. मी उतारूंबरोबर शिंगणापूरला जाई, दारं नसलेल्या त्या घरांवरून चालत जाऊन शनीला तेल वाही आणि शिशीत थोडं राखून परत आणी. शनी म्हणजे सावकाश चालणारा ग्रह. मला वाटे, मोटारीत त्याची जागा असेल तर ती ब्रेकच्याच ठिकाणी. म्हणून नवा लायनर बसल्याच्या पुढच्या शनिवारपासून मी हातब्रेकच्या मुठीला कुंकू लावू लागलो आणि दांडा जिथे फळीतून खाली जातो तिथे, त्याच्या बुडाशी, ते तेल वाहू लागलो. आधी चार थेंब. हात जोडून म्हणायचो, महाराज, धरून ठेवा.

थोड्याच दिवसांत ब्रेक ढिला वाटू लागला. मग मी तेल वाढवलं.

एकदा जाताना घाटाच्या उतारावर मी पायाच्या ब्रेकला मदत म्हणून हातब्रेकही थोडा ओढून धरला होता. मागच्या बाकावरची एक म्हातारी नाक वर करून म्हणाली, "आगं बया, भजी कुटं तळाय लागलीत?"

क्लीनर म्हणाला, "आजी, मालकानं मोटारीत हाटेल काढलंय. खाली पांढरीपुलाला पोचूस्तर घाना निगतोय बगा."

सगळी गाडी हसली. मीही हसलो. तो वास माझ्या पायाखालून येत होता.

ब्रेक अगदीच पकडेना तेव्हा मी गाडी पुन्हा मिस्त्रीकडे नेली. नेण्याआधी मुठीचं कुंकू पुसलं, दांड्याचं बूड फडक्याने कोरडं केलं. आपला देव त्याला कशाला दाखवायचा, तो हसेल, असं मनात होतं. त्याने फळ्या उचलून हात घातला आणि बोटं बाहेर काढून माझ्यापुढे धरली. ती तेलाने चमकत होती.

"तेल खातोय तुमचा ब्रेक," तो म्हणाला. "गिअरबॉक्सचं तेल अडवनारं फेल्ट गळतंय, दुसरं काय." मग तपकिरीची चिमूट नाकात कोंबून त्याने विचारलं, "का तुमी वरनं काय तेल-बिल सोडता? दांड्याला, बिजागरीला?"

"नाही," मी म्हणालो.

मी खोटं बोललो असं त्या वेळी मला वाटलं नाही. ते तेल मला तेल वाटतच नव्हतं. ते देवाचं होतं. यंत्राला घालतात ते तेल वेगळं, ते काळं असतं आणि डब्यात असतं.

त्याने गोऱ्या सोल्जरच्या जुन्या टोपीचं फेल्ट कापून नवं बसवलं, लायनर घासलेटने धुतला आणि फुशारकी मारली, "आता थेंब जरी आला तर मिश्या उतरवीन." थेंब आला. पुढच्या शनिवारी मीच तो घातला. पुन्हा गेलो तेव्हा तो वैतागला.

"डायवर, तुमच्या गाडीत भूत हाय."

"भूत गाडीत नाही, मिस्त्री."

"मंग कुटं हाय?"

मी लायनरकडे बघितलं. त्यालाही कळलं असावं. त्या दिवशी त्याच्या बायकोने मला चहा विचारला नाही.

मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. चांगला लायनर त्याने घरात ठेवून घेतला, ठेकेदाराकडून आलेला लष्कराचा टाकाऊ तुकडा बसवला, आणि आता तेलाचा बहाणा करतोय. प्रत्येक गोष्ट या हिशेबात बसत होती. तो बोलला तर झाकण्यासाठी, गप्प राहिला तर अपराधी म्हणून. संशयाचं हेच वाईट असतं, त्याला काहीही खायला घाला, तो पोसतो.

मग तो दिवस आला. नेवाशाहून येताना घाटाच्या मधल्या वळणावर गाडी थांबली. क्लीनर मागे भट्टीकडे गेला. मी ब्रेक ओढला, दांडा शेवटच्या दातावर अडकवला, आणि हँडल घेऊन पुढे उतरलो. हँडल लावायला वाकलो तेव्हा गाडी माझ्यापासून दूर जात असल्याचं दिसलं. पहिल्यांदा वाटलं मलाच चक्कर येतेय. मग आतून बायका ओरडल्या. क्लीनरने दगड उचलून मागच्या चाकाखाली टाकला. दगड सरकला, दुसरा टाकायला तो आणखी जवळ गेला, आणि चाक त्याच्या पायावर चढून दगडाला टेकून थांबलं. गाडी थांबली. त्याचा पाय चेपला तो कायमचा. पुढे तो चालला, पण टाच टेकवून, एका अंगावर झुकून.

त्याला नगरच्या दवाखान्यात पोचवून मी स्टँडवर आलो. चहाच्या टपरीपाशी सगळे ड्रायव्हर जमले होते. काय झालं, कसं झालं, असं सगळे एकदम विचारू लागले. आणि मी म्हणालो, "मिस्त्रीने लायनर बदलला. मालकाचा नवा तुकडा घरात नेला आणि लष्करातला चोरीचा कुजका तुकडा आणून ठोकला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

डोळ्यांनी मी एक दार पाहिलं होतं, बाहेरून.

दोन दिवसांनी मिस्त्री स्टँडवर आला. कामाच्या कपड्यांवर, धापा टाकत.

"माज्या तोंडावर बोला," तो म्हणाला. "मागं काय बोललात ते."

मी बोललो. तेच, सगळ्यांच्या देखत.

तो बाह्या वर सारत म्हणाला, "फळ्या उचला. आत्ता. ह्या सगळ्यांसमूर पट्टा काडतो आन् लायनर दावतो. निळी कड हाय त्याला. निगाली न्हाई तर माजे हात तोडा."

निळी कड त्यालाही आठवत होती. मला त्याच वेळी थांबायला हवं होतं. पण भीती वाटली, समजा निघाली तर? माझ्या बाजूने क्लीनरचा पाय होता, भरलेला स्टँड होता. मी म्हणालो, "उतारू खोळंबलेत. मला वेळ नाही." आणि गाडीत चढलो.

"डायवर!" तो मागून ओरडला. "फळ्या उचलायला कितीसा वेळ लागतो?"

कुणीतरी त्याला बाजूला ओढलं. त्यानंतर स्टँडवरची एकही गाडी त्याच्या छपरीत गेली नाही. लष्कराच्या मालाची चोरी हा शब्द ठेकेदाराच्या कानावर गेला, त्याने मिस्त्रीला कामावरून काढलं. काही महिन्यांत घराला कुलूप लागलं. बायकोच्या माहेरी, कोल्हारला गेला, असं कळलं. चोर होता म्हणूनच गेला, असं स्टँडवर म्हणत. मी मान हलवी.

पण आमचा ब्रेक तसाच होता. घाटात चाकांना दगड लावायला मालकाने आणखी एक माणूस ठेवला, पण तो किती दिवस ठेवणार? दुसरा मिस्त्री त्या कामाला हात लावेना. नसती बला कोण घेतो. शेवटी मालक म्हणाले, "तूच कर. दिवसभर डोळे फाडून बघत होतास ना?"

खरंच, मला सगळं पाठ होतं. मी फळ्या उचलल्या, पट्टा काढला आणि घरी आणला. घासलेट ओतून ब्रशने घासू लागलो. काळा चिखल वाहून गेला आणि कडेला निळा दोरा दिसू लागला. आधी थोडा, मग टोकापासून टोकापर्यंत.

तरी मनाने एक पळवाट काढलीच: लायनर तोच असेल, पण काम वाईट केलं. लायनर तेल प्यायलेला होता, नुसत्या घासलेटने ते निघेना. म्हणून मी पट्टा चुलीवर धरला. धूर निघाला. बायको भाकरी थापत होती. ती नाकाला पदर लावून म्हणाली, "ह्याला शनिवारचा वास का येतोय?"

मी शनिवारी घरी येई तेव्हा माझ्या कपड्यांना जो वास असे, तोच. तिळाच्या तेलाचा. भज्यांचा. मी चुलीपुढे पट्टा धरून बसलो होतो आणि तेल चर्र आवाज करत निखाऱ्यांवर पडत होतं. त्याच क्षणी हेही कळलं, की मिस्त्री त्या दिवशी लायनर घरात कशाला घेऊन गेला होता.

मी पट्टा पुन्हा बसवला. दांड्याला तेल वाहणं बंद केलं. ब्रेक पहिल्यासारखा धरू लागला. आणि मी कुणाला काही सांगितलं नाही.

मालकाने पाठ थोपटली. स्टँडवर म्हणू लागले, गडी हुशार, मिस्त्रीने बिघडवलेला ब्रेक याने घरच्या घरी बसवला. दोघातिघांनी आपापल्या गाड्यांचे ब्रेक मला दाखवले. मी ते केलेही. मधून सुरुवात करून टोकांकडे. बोलत मात्र नव्हतो. क्लीनर काठी टेकत कामावर परत आला. पाय दुखला की तो मिस्त्रीला शिव्या घाली, "कोल्हारात गाटला तर तंगडंच मोडतो त्याचं." मी शेजारी स्टिअरिंग धरून ऐके. शिवी माझी होती, पत्ता चुकीचा होता. दर शनिवारी शिंगणापूरला जाई, शनीला तेल वाही, आणि काहीच मागत नसे. मागायला तोंड नव्हतं.

लढाई संपली, स्वराज्य आलं, आता सरकारी मोटारी येणार आणि आमच्यासारख्यांच्या बंद होणार अशी बोलणी सुरू झाली. स्टँड पांगणार हे दिसू लागलं. मी ज्यांच्यासमोर बोललो होतो ते लोक पांगले की मग सांगायचं कुणाला? ही भीती मला कोल्हारला घेऊन गेली.

प्रवरेच्या काठावर एका मळ्यात तो पाण्याचं तेल-इंजिन उघडून बसला होता. केस पांढरे झाले होते. मला पाहून उठला नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. निळी कड, शनीचं तेल, पुसलेलं कुंकू, सगळं.

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "तिळाचं तेल?" तो म्हणाला. "आन् मी येड्यावानी फेल्ट बदलत बसलो. टोपी फाडली रं सोल्जरची." मग स्वतःच्या नाकाला हात लावून कडवट हसला. "ह्या तपकिरीनं घात केला. येरवी एका वासात धरला असता तुमाला." तो पुन्हा पाना उचलू लागला, आणि मधेच थांबला. "ह्ये स्टँडवर सांगितलं?"

"नाही. आधी तुमच्याकडे आलो."

"मला काय सांगताय? मी लायनर बदलला न्हाई ह्ये मला ठावं हुतं. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा."

त्याची बायको घरातून येऊन इंजिनाच्या चौथऱ्यापाशी उभी होती. मी तिच्याकडे पाणी मागितलं. ती हलली नाही.

"आज उपास न्हाई का, भाऊ?"

"तेव्हाही नव्हता," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, आत गेली आणि तांब्या आणून माझ्यापुढे धरला. चहाचं विचारलं नाही. मी पाणी प्यायलो. निघताना मिस्त्री म्हणाला, "शनवारी येतो नगरला. बगतो काय बोलताय."

शनिवारी सकाळी तो खरंच आला. टपरीच्या खांबाला टेकून उभा राहिला, हातात तपकिरीची डबी, पण उघडलेली नाही. त्याला पाहून क्लीनर काठी घेऊन उठलाच. ड्रायव्हर लोक हातातले कप तसेच धरून बघू लागले. मी मोटारीच्या पायरीवर चढलो.

"जरा ऐका," मी म्हणालो. "मिस्त्रीने लायनर बदलला नव्हता. मालकाने दिला तोच आजही गाडीत आहे, फळ्या उचलून बघा. मी दर शनिवारी ब्रेकच्या दांड्याला तेल वाहत होतो. ते खाली लायनरवर जात होतं. त्यामुळे गाडी सरकली. मिस्त्रीने मला विचारलं होतं, मी नाही म्हणालो होतो."

क्लीनर म्हणाला, "कवा कळलं तुमाला?"

"तू दवाखान्यातून परत यायच्या आधी."

"आन् मी इतकी वर्सं ह्याला शिव्या घालतोय," तो सावकाश म्हणाला. "तुमी शेजारी बसून ऐकत हुता?"

"हो."

त्याने काठी खाली टेकवली आणि तो माझ्याकडे नाही, मिस्त्रीकडे बघत राहिला. मिस्त्री अजून खांबाला टेकूनच होता, मी पुढे काही बोलतो का याची वाट बघत. मी पायरीवरून खाली उतरलो. दोघांच्या मधे जाऊन उभा राहिलो आणि हात जोडले.

"तुझा पाय माझ्यामुळे गेला," मी क्लीनरला म्हणालो. मग मिस्त्रीकडे वळलो. "आणि तुमचं नाव मी घालवलं. मी काही पाहिलं नव्हतं, पाहिलं म्हणून सांगितलं. तुम्ही फळ्या उचला म्हणालात तेव्हा मी पळालो. माझी चूक झाली, मिस्त्री. मला माफ करा."